सुम्मने

उदगीरला, बीदर रोडवर
मैनोद्दीनचाचांचं रेडिओचं दुकान.
दुकान म्हणजे काय, डाळमिलच्या भिंतीला टेकवलेला पत्रा.
दुपारी पत्रा तापायचा, तुरीची भुकटी
उघड्या रेडिओंच्या पोटात जाऊन बसायची
आणि मी ती रंगाच्या ब्रशनं झाडायचो.
वय एकोणीस. हातावर डाग द्यायच्या कावियाचे तीन चटके.

नीलगंगा आली ती गुरुवारी,
वडिलांचा रेडिओ ओढणीत गुंडाळून,
आजारी कोंबडं आणावं तसा.
'गुलबर्गा लागंना,' म्हणाली.
काटा फिरवला. खरखर, बाजारभाव, पुन्हा खरखर,
आणि खरखरीच्या पलीकडून
एक जुनं कानडी गाणं, सिनेमातलं,
अनवाणी चालत आल्यासारखं आलं.

मला कानडी यायचं ते बाजारापुरतं:
एक, दोन, केवढ्याला, नको.
गाण्यात यातलं काहीच नव्हतं.
पुरुष गात होता. बाई नुसती गुणगुणायची,
एका हुंकारापासून दुसऱ्यापर्यंत
केवढं तरी रान मोकळं सोडून.

'काय म्हणलाली ती?'
'काईच नाही.'
'आन् त्यो?'
'त्यो म्हणलालाय, बोल की.
विहिरीच्या पायरीवर बसलेत दोघं, घागर भरून सांडलालीय.
म्हणलालाय, पाण्याला बोलता येतंय, दोराला येतंय,
रहाटाला तर लईच येतंय,
तुलाच काय झालंय.'
'मग?'
'मग ती सुम्मने.'
'सुम्मने म्हंजी?'
ती थांबली. फळीवरचा स्क्रू बोटानं गोल फिरवला.
'उगी,' म्हणाली.

मला वाटलं, मलाच म्हणाली.
उगी राहिलो.
गाणं संपलं, शेतीचा कार्यक्रम लागला,
कानडीत ज्वारीवर कुठलीशी कीड पडली.
आम्ही दोघांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

पुढच्या गुरुवारी तोच रेडिओ.
'काय झालं याला?'
'सुम्मने.'
मी वहीत लिहिलं, तक्रार: आवाज बंद.
झाकण काढलं, तारेनं तार तपासली,
सगळं जिथल्या तिथं जिवंत.
लावला तर पहिल्या फटक्यात बोलला.
ती हसली नाही. हसू ओढणीच्या टोकाला
सुट्ट्या पैशांसारखं बांधून घेऊन गेली.

तिसऱ्या गुरुवारी चाचांनी रेडिओ कानाला लावला,
तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं,
'मैं नमाज कू जातौं' म्हणाले.
तीन वाजले होते.
तीनला कुठली नमाज?

त्या संध्याकाळी घरचा बोळ चुकवून
कसा कोण जाणे, तिच्या गल्लीतल्या नळापाशी निघालो.
एका म्हातारीनं हटकलं, 'इकडं कुनीकडं रे?'
'उगीच,' म्हणालो,
आणि तिथंच थांबलो, चप्पल अर्धी चिखलात.

आपण रडत्या लेकराला म्हणतो उगी.
आणि कारण सांगायचं नसलं, की उगीच.
मध्ये फक्त एक च.
तिच्या भाषेत तेवढाही लागत नव्हता.

चौथ्या गुरुवारी काहीच उघडलं नाही.
स्क्रू ड्रायव्हर त्याच्या जागी, ब्रश त्याच्या.
गाणंही लागलं नाही, गुलबर्ग्यात कुणाचं तरी भाषण.
वहीत लिहिलं,
तक्रार: सुम्मने.
मजुरी, आणि पुढं पेन अडलं.

तिनं वही आपल्याकडं फिरवली, पेन घेतलं,
त्या रिकाम्या जागेत कानडी लिहिलं,
ज्वारीच्या दाण्यांसारखी गोल अक्षरं,
रेडिओ उचलला आणि गेली.

मला ती लिपी येत नव्हती.
सुम्मने म्हणजे तीन अक्षरं, एवढं ठाऊक होतं.
मी मोजली.
उन्हात वही धरून परत मोजली.

चार होती.